आतलं अस्तर

१४ ऑक्टोबर १९९३

ताई,

पत्र फाडण्याआधी एवढं वाच: मी बरी आहे आणि मला काही मागायचं नाही. आता फाडायचं तर फाड.

आप्पांच्या घरात राहतेस तोवर मला लिहू नकोस, असं तू जाताना म्हणालीस. मी अजून त्यांच्याच घरात राहते. पण हे पत्र लॅबच्या खिडकीत बसून लिहितेय, म्हणजे ते त्या घरातून आलेलं नाही. वकिलाची मुलगी आहे, पळवाट सापडायचीच.

हो, लॅब. मला संशोधनाला जागा मिळाली. माझ्या गाइडना सगळे मॅडम म्हणतात, त्यांचे यजमानसुद्धा. मॅडम रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर काम करतात. कोटाला आतून अस्तर असतं ना, तसं प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं. एकच पदर, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला, म्हटलं, "म्हणजे नळाला आतून रंग दिल्यासारखं."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "नळाला अक्कल नसते," त्या म्हणाल्या. "या अस्तराला असते. रक्त कुठे वाहू द्यायचं आणि कुठे थांबवायचं, ते हे ठरवतं. कसं ठरवतं, एवढं तुम्हाला आयुष्यभरात कळलं तरी खूप झालं."

या पेशी कुठून आणतात माहीत आहे? नाळेतून. बाळ जन्मलं की नाळ कोणालाच नको असते. मी रोज सकाळी प्रसूतिगृहाच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहते. तिथली नर्स बर्फात ठेवलेली बरणी देते आणि मी ती पिशवीत घालून, मांडीवर धरून बसने परत येते. परवा शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय आणलंत एवढं जपून? काच?" मी म्हटलं, "त्याहून नाजूक." त्या बिचाऱ्या सगळा रस्ता अंग चोरून बसल्या.

नाळ निळसर पांढरी असते, पिळाची, ओल्या दोरासारखी. तिच्यातली शीर धुवायची, तिच्यात औषध भरायचं, उबेत ठेवायचं. थोड्या वेळाने अस्तर सुटून येतं. दिसायला काय, चमचाभर गढूळ पाणी. ते काचेच्या बशीत ओतायचं आणि वाट पाहायची. खोली गरम, भिंती पांढऱ्या, पंख्याची एकसारखी घरघर. अशा वेळी वाटतं, आपण कोणाच्या तरी झोपेत शिरलोय आणि पाय न वाजवता चालतोय.

विषय ओळखीचा वाटला म्हणून घेतला. दुसरं काही कारण नाही. तुझं नाक फुटायचं तेव्हा बशी मी धरायचे, आठवतं? आई गेल्यानंतरची गोष्ट. तू मान खाली घालून बसायचीस, रक्त थांबायचं नाव घ्यायचं नाही, आणि मी रडू नये म्हणून तू विचारायचीस, "बघ गं, आज बशीत कोण आलंय?" मी सांगायचे, "आज हत्ती." "आज जहाज." कितीतरी दिवस मला वाटायचं, सगळ्यांच्याच मोठ्या बहिणींना असं होतं.

उत्तर नको देऊस. नुसतं वाच.

तुझं शेपूट
(नाव तूच ठेवलंस, नंतर दुसरं कोणी ठेवलं नाही.)


२ मार्च १९९५

ताई,

तुझं कार्ड मिळालं. कार्ड म्हणजे काय, हवामान केंद्राने छापलेलं ढगांचं चित्र आणि मागे एक अक्षर नाही. पण पाकिटावरचा पत्ता तुझ्या हातचा आहे, अक्षरं उजवीकडे झुकलेली, वाऱ्यात उभी असल्यासारखी. म्हणजे तू आहेस. आणि आभाळाकडे बघायचा पगार घेतेस. तुला शोभतं.

माझ्या पेशी जगल्या! त्याआधी वर्षभर नुसत्या मरत होत्या. माझ्या शेजारच्या टेबलावर एकजण आहे, त्याला सगळे 'ग्रहण' म्हणतात, कारण त्याने हात लावला की बशीतलं सगळं काळवंडतं. गेल्या उन्हाळ्यापासून मला 'धाकटं ग्रहण' म्हणायला लागले होते. आम्ही दोघं डबा खायला बसलो की लोक आपले डबे झाकायचे.

आणि एका सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावला तर त्या होत्या. सगळ्या बशीभर, एकमेकींना खेटून, मधे फट नाही, नुकत्याच धुतलेल्या फरसबंदीसारख्या. ओल्या फरशीवर पहाटेचा उजेड पडतो ना, तसा प्रत्येकीच्या कडेला उजेड. मला हसू आलं. मग स्टुलावर बसून रडू आलं. मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अभिनंदन. आता यांना वेळच्या वेळी खायला घाला. घरात मांजर पाळलं असतंत तर सवय असती."

घरी आप्पांना सांगितलं. 'रक्त' हा शब्द आला मात्र, त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. तेव्हा मला तो दिवस आठवला. मी दाराआड होते, हे तुला कधी सांगितलं नाही. तुझं लग्न ठरत होतं. पाहुणे टेबलाशी बसले होते आणि आप्पांनी तुला आधी बजावलं होतं, "त्रासाचं काही बोलायचं नाही. आजार नाहीच तो. उष्णता आहे." तू कप भरलेस, सगळ्यांसमोर ठेवलेस आणि बसलीस. म्हणालीस, "मला एक सांगायचंय. माझं रक्त लवकर थांबत नाही. नंतर कळणारच आहे, आधी कळलेलं बरं." त्या मुलाच्या आईने कप बशीत ठेवला, त्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे.

ते गेल्यावर आप्पा म्हणाले, "घराण्याचं नाक कापलंस."

आणि तू म्हणालीस, "कापलं की रक्त येतंच, आप्पा."

त्यानंतर तुमच्यात शब्द नाही. तू गेलीस आणि घरात तुझं नाव घ्यायचं नाही असं न बोलताच ठरलं. मी कोणाची बाजू घेतली नाही, ताई. मी शाळेत होते. मला कोणी विचारलंच नाही.

पुढच्या कार्डावर निदान ढगाचं नाव तरी लिही.

शेपूट


२० सप्टेंबर १९९९

ताई,

मॅडम निवृत्त झाल्या. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "धूळ येऊ देऊ नका, आणि घाई." एवढंच भाषण. आता दारावर माझ्या नावाची पाटी आहे. ग्रहण माझ्याच हाताखाली आहे. सुधारलाय, आता फक्त अर्ध्याच मारतो.

तुझी कार्डं येतात. लाटांसारखे ढग, पिसांसारखे ढग, एकदा नुसतं निळं आभाळ. मी ती पेशींना ऊब देणाऱ्या इनक्युबेटरच्या दारावर चिकटवते. मामेबहिणीकडून कळलं की तू लग्न केलंस, केंद्रातल्या नकाशे काढणाऱ्याशी. भावोजींना माझा नमस्कार सांग. किंवा नको सांगूस.

माझ्याबद्दल विचारत असशील तर, नाही केलं. एक शिक्षक होते, चांगले होते, संध्याकाळी आम्ही तळ्याभोवती फेऱ्या मारायचो. एकदा म्हणाले, "तुमच्या बोलण्यात सारखी कोणीतरी दुसरी असते." मला वाटलं, पेशींबद्दल म्हणतायत. मी म्हटलं, "दुसरी कुठली, लाखो असतात." ते हसले नाहीत. पुढे आमच्या फेऱ्या कमी झाल्या.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. इतके दिवस आम्ही पेशी साचलेल्या पाण्यात ठेवत होतो. आता मी दोन काचांच्या मधे त्या वाढवल्या आणि वरून पाणी सोडलं, संथ, रक्तासारखं वाहतं. रात्रीतून त्या सगळ्या वळल्या. आधी वाटेल तशा पसरलेल्या होत्या, सकाळी पाहिलं तर एका दिशेला तोंड करून लांबट होऊन पडलेल्या, वाऱ्याखाली गवत निजतं तशा. कोणी सांगितलं त्यांना? वाहणाऱ्याने.

आणि मग दोरे पाहिले. या पेशींच्या पोटात इवल्या काड्या असतात, त्यांत एक लांबच लांब प्रथिन गुंडाळून ठेवलेलं असतं. जखम झाली की पेशी ते बाहेर फेकते आणि ते वाहत्या पाण्यात उलगडतं. आम्ही त्याला हिरवा रंग चढवला होता. अंधाऱ्या खोलीत, पडद्यावर, एक दोरा, मग दुसरा, मग कितीतरी, लांब, लहरणारे, जणू नदीच्या तळाशी केस सोडून कोणी झोपलंय. त्यांच्यावर प्लेटलेट येऊन बसल्या, ओल्या जाळीवर दवाचे थेंब बसतात तशा. गुठळी अशी सुरू होते, ताई. रक्त थांबतं ते असं. आणि काही माणसांत हे दोरे अपुरे असतात. किंवा तुटके.

पडदा बंद करायचं भान कोणालाच राहिलं नाही. त्या आठवड्यात मला स्वप्न पडलं. मी एका लांब बोळातून चालत होते, जमीन मऊ, मागून कोमट वारा, आणि तो वारा जिकडे नेईल तिकडे सगळं वळत होतं. पुढे कोणीतरी चालत होतं. पाठ तुझी होती.

शेपूट


११ जानेवारी २००६

ताई,

आप्पांचा दात काढला.

एवढ्यासाठी पत्र लिहू नये, आणि त्यांच्याबद्दल तर मुळीच लिहू नये, ठाऊक आहे. पण हे एकदाच लिहिते.

दवाखान्यातून घरी आले आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. आत नळ सोडलेला. मी बऱ्याच वेळाने दार वाजवलं.

"काही नाही," आतून आवाज.

"आप्पा, दार उघडा."

"काही नाही म्हटलं ना!"

"आप्पा, मी याच गोष्टीची डॉक्टर आहे."

नळ वाहत राहिला. मग कडी निघाली. सत्तरी उलटलेला माणूस, कोर्टात ज्याच्या आवाजाला लोक टरकायचे, तो हातात लाल टॉवेल धरून उभा होता आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा. मी त्यांना खुर्चीत बसवलं, हिरडीवर कापसाचा बोळा दाबून धरला, दवाखान्यातून औषध मागवलं. दुपार कलली, खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत गेलं, आणि माझं बोट त्यांच्या तोंडात असताना, बोबड्या आवाजात, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांची आहे. मी कोणाला सांगणार नाही असं कबूल केलंय, म्हणून तुलाही सांगत नाही.

पुढे काही दिवसांनी ते आपण होऊन लॅबमध्ये आले. कोट घालून, बूट पॉलिश करून. बाही वर केली आणि म्हणाले, "घे." आता आम्ही नाळेवर अवलंबून नाही, कोणाच्याही रक्तातून या पेशी वाढवता येतात. रक्तात अशा काही थोड्या भटक्या पेशी फिरत असतात, त्यांना उबेत ठेवलं की त्यातली एखादी बूड टेकते आणि संसार मांडते. आप्पांच्या पेशी वाढल्या तेव्हा त्यांना बोलावलं. ते मायक्रोस्कोपवर वाकले आणि उठेचनात.

"या माझ्या?"

"हो."

"माणूस कसा होता, ते यांच्यावरून कळतं का?"

"नाही हो, आप्पा."

"बरं आहे," म्हणाले.

परतताना बसमध्ये त्यांनी विचारलं, "तिकडे आज गार असेल, नाही? छापून आलंय." मग माझ्या लक्षात आलं. सकाळी ते वर्तमानपत्राचं शेवटचं पान इतका वेळ वाचत बसतात, तर मला वाटायचं, कोण कोण गेलं ते बघतायत. ते तुझ्या केंद्राचं हवामान वाचतात.

शेपूट


६ जून २०१२

ताई,

मला कोणी फोन केलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. भावोजींनी तर नाहीच नाही.

मला आपलं उगीचच वाटलं की तू केंद्राच्या जिन्यात चक्कर येऊन पडलीस, एकदा नाही, दोनदा. की तुझा रंग कागदासारखा झालाय. की महिन्यातले कितीतरी दिवस तू अंथरुणाला टॉवेल घालून झोपतेस आणि बाहेर सगळ्यांना सांगतेस, कंबर धरलीय. की तिथले सर्जन म्हणतायत, गर्भाशय काढायलाच हवं, आणि तेच पुन्हा म्हणतायत, काढायला हात धजत नाही. बहिणी-बहिणींना असं वाटतं कधीकधी.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, मला काही मागायचं नाही. आता मागतेय. मला तुझं रक्त हवंय, पाच-सहा नळ्या, ताजं.

रागावण्याआधी ऐक. सर्जन तुला ऑपरेशनच्या आधी एक इंजेक्शन देणार आहेत (असंही मला उगीचच वाटलं). ते वाईट नाही. ते दिलं की अस्तराच्या पेशी आपल्या पोटातला साठा बाहेर टाकतात. पुष्कळांचं रक्तस्रावाचं संकट त्याने टळतं. पण घरात जे भरून ठेवलंय तेच बाहेर येणार ना? साठाच अधू असेल तर इंजेक्शन देऊन डॉक्टर निर्धास्त होतील, सुरी चालवतील आणि मग थांबवायला हाताशी काही नसेल. तू कधी साधी तपासणीसुद्धा करू दिली नाहीस. तुझ्या पोटात काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही.

तू म्हणशील, मी काय तुझा नमुना आहे? नाही गं. इतकी वर्षं मी परक्या बाळांच्या नाळा धुतल्या. तुझ्यापर्यंत यायचा मला दुसरा रस्ता माहीत नव्हता.

शेपूट


१९ जुलै २०१२

ताई,

भावोजी आले होते त्याचं आता सविस्तर लिहिते. एवढा लांबचा प्रवास त्या माणसाने मांडीवर खोका धरून केला, एक डुलकी घेतली नाही. दारातच म्हणाले, "तिने बजावलंय, रक्त द्यायचं आणि परत यायचं, तिथे जास्त बोलायचं नाही." मी म्हटलं, "मग?" "मग काय, नाही बोलत," असं म्हणून खुर्चीत बसले आणि दिवे लागेपर्यंत बोलत होते. माणूस छान आहे. तू चिडलीस की टेकडीवर जाऊन उभी राहतेस आणि ते खालून कंदिलाने खुणा करतात, हेही सांगितलं. माझी सगळी पत्रं तू त्यांना मोठ्याने वाचून दाखवतेस, हेसुद्धा.

नळ्यांतल्या काहींची लगेच तपासणी झाली. बाकीच्या मी स्वतः बशीत लावल्या. ग्रहणला त्या खोलीकडे फिरकू दिलं नाही. त्याने दाराबाहेरूनच नमस्कार केला.

मग काहीच नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. रोज सकाळी दार उघडायचं, बशी काढायची, पाहायचं: रिकामं, मोकळ्या मैदानासारखं. मला वाटलं, तू तिथेही रुसलीस. आणि परवा कडेला, जिथे मी बघायचं टाळत होते तिथे, एक छोटा पुंजका दिसला. फरसबंदीचा एक कोपरा. आज तो बशीभर झालाय.

मी डोळा लावून बसून राहिले. खोलीत कोणी नव्हतं. मी म्हटलं, "आलीस?" वेड्यासारखं. तुझ्या आवाजाला मी किती वर्षांची पारखी झालेय, आणि तू माझ्यासमोर उबेत पसरली होतीस, तुझ्या जन्मात कोणाला खेटून बसली नसशील इतकी खेटून.

आता कामाचं. मी तुझ्या पेशींवरून पाणी सोडलं आणि त्यांना चाळवलं. पोटात काड्या थोड्या, बुटक्या. दोरे बाहेर आले तेही आखूड, उलगडायच्या आधी तुटणारे. पुष्कळसा माल पेशीच्या आतच अडकून पडलेला. रक्ताची तपासणीही तेच सांगते. ते इंजेक्शन तुझ्या कामाचं नाही, ताई. दात्यांच्या रक्तातून काढलेलं तेच प्रथिन, लांब आणि धड, तुला बाहेरून द्यावं लागेल, ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही. मी तुझ्या सर्जनशी बोलले. आधी म्हणाले, "बाई, मी तीस वर्षं ऑपरेशनं करतोय." मी त्यांना चित्रं पाठवली. मग त्यांचाच फोन आला: "औषध कुठून मागवायचं ते सांगा. आणि तुम्ही इथे असाल तर बरं."

एक गोष्ट मात्र माझ्या हातून झालेली नाही. आप्पांना कळलंय, ते मी सांगितलेलं नाही. भावोजी आमच्या जिन्यात भेटले ना त्यांना. दोघांनी एकमेकांना कसं ओळखलं कोण जाणे. आप्पांनी विचारलं, "कशी आहे?" आणि भावोजींना खोटं बोलता येत नाही.

शेपूट


३ ऑगस्ट २०१२

ताई,

औषध निघालं, मीही त्याच्यासोबत निघते. आप्पाही येतायत. मी नको म्हटलं, तू नको म्हणशील म्हटलं. ते म्हणाले, "खोलीत येणार नाही. बाहेर बाक असेलच ना?" आणि बॅग भरायला गेले.

शेपूट


२ सप्टेंबर २०१२

शेपटे,

तू गेलीस आणि घर एकदम ऐसपैस झालं. मोठ्याने हसणारं कोणी नाही आणि माझ्या ताटात भाजी वाढून "लोह आहे, खा" म्हणणारंही. टाके निघालेत. जिना चढते. सर्जन परवा तपासायला आले तर चेहरा जरा पडलेलाच. म्हणाले, "फारच सरळ झालं हो तुमचं. मी केवढी तयारी केली होती." मी म्हटलं, "माफ करा, पुढच्या वेळी बघते."

पत्र लिहायची मला सवय नाही, तेव्हा वेडंवाकडं जाईल. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली आणि ती तोंडाने सांगणं जमलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तू रक्तपेढीत बाटल्यांवर पहारा देत बसली होतीस, तेव्हाची.

मी खाटेवर. आप्पा बाहेरच्या बाकावर, ठरल्याप्रमाणे. तू त्यांना घेऊन आलीस तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं होतं, ते तू पाहिलंसच. एक तरुण डॉक्टरीण आली आणि माहिती विचारायला लागली. वय, वजन, काय काय. मग म्हणाली, "असा त्रास घरात आणखी कोणाला?"

मी म्हटलं, "नाही. मी एकटीच."

दाराशी पावलं वाजली. आप्पा उंबऱ्यावर येऊन उभे होते, पाय आत न टाकता. म्हणाले, "मला."

डॉक्टरीण म्हणाली, "काय म्हणालात?"

वॉर्डात आणखी बायका होत्या, त्यांची माणसं होती. आणि आप्पा त्यांच्या कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "मला आहे. लहानपणापासून. शाळेत असताना नाक फुटायचं, मुलं हसायची, वडील मारायचे. मी लपवायला शिकलो. हिला माझ्याकडून आलंय. लिहून घ्या."

ती लिहून घ्यायला लागली. मी आप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडे नाही, खाटेच्या पायाकडे बघत होते. म्हणाले, "त्या दिवशी टेबलाशी तू बोललीस, ते मी बोलायला हवं होतं. मुलगी बोलली आणि मी तिलाच घालवलं."

तुला माहीत होतं ना? तुझ्या त्या दाताच्या पत्रावरून मला तेव्हाच शंका आली होती. पण शंका येणं वेगळं आणि भरल्या वॉर्डात ऐकणं वेगळं. माझ्या मनात इतक्या वर्षांत किती भाषणं तयार होती! त्यातलं एक वाक्य तोंडात येईल तर शपथ. मी काय म्हटलं असेल? "आत या. दारात वारा येतोय."

ते आत आले. स्टूल ओढून बसले. खिडकीवरचा पडदा हलत होता.

माफ केलं का, असं विचारू नकोस. मला माहीत नाही. राग मी नीट घडी घालून ठेवला होता. आता काढून बघितला तर अंगाला बसत नाही, एवढंच. फेकायला मन होत नाही, घालता येत नाही. असू दे कपाटात.

आप्पा अजून इथेच आहेत. "चार दिवस" म्हणाले होते. सकाळी माझ्या नवऱ्याच्या नकाशांतल्या चुका काढतात आणि तोही हट्टाने चुका ठेवतो, म्हणजे त्यांना काढता येतील. दुपारी दोघं झोपतात, एक घोरतो, दुसरा त्याला घोरू नका म्हणून ओरडतो आणि मग तोच घोरतो.

काल मी पहिल्यांदा कामावर गेले, नुसती बघायला. आप्पा बरोबर आले. संध्याकाळी आम्ही फुगा सोडतो. मोठा पांढरा फुगा, माणसाहून उंच, त्याच्या दोरीला वरची हवा मोजणारं एक छोटं यंत्र बांधलेलं. मला अजून जोर लावायचा नाही, म्हणून माझ्या जागी आप्पांना उभं केलं. वारा पडला होता, टेकडीवर तांबूस उजेड, खाली सगळी घरं झोपेत असल्यासारखी. त्यांनी दोन्ही हातांनी दोरी धरली, डोळे मिटल्यासारखे केले.

"सोडा, आप्पा."

"सोडू?"

"सोडा."

त्यांनी हात उघडले. तो गेला, गेला, आधी पेल्याएवढा, मग मण्याएवढा. त्यांचे हात तसेच वर. मी म्हटलं, "खाली घ्या आता, दुखतील." ते ऐकेनात. मान मागे टाकून बघत होते, तो दिसेनासा झाल्यावरही.

"परत येतो का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पण कुठे आहे ते कळवत राहतो."

ताई